काचेच्या बरण्या आणण्याआधी: चौघांच्या घराचं वाणसामान कसं लावावं

प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात नवा फ्लॅट, घरात चौघं. नवरा-बायको, सात वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. जुने प्लास्टिकचे डबे काढून सगळं वाणसामान काचेच्या बरण्यांत भरायचं आहे. किती बरण्या घ्याव्यात, कुठल्या मापाच्या, ठेवाव्यात कुठे? दर पावसाळ्यात रव्याला आणि डाळींना किडे होतात, ते काचेमुळे थांबतील का? सासूबाईंना मात्र काच नको, त्यांना स्टीलचेच डबे हवेत. त्यांना कसं समजवायचं?

ताई, लोकांची स्वयंपाकघरं लावून द्यायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेतली आणि पुण्या-नाशिककडची कोरडीही. त्या अनुभवावरून सांगते, सासूबाईंपासूनच सुरुवात करा, कारण त्यांचं निम्मं म्हणणं बरोबर आहे. सगळंच्या सगळं सामान काचेत भरायचं नसतं. कणीक, रोजचा तांदूळ, वर्षाचा मसाला, पापड-कुरडया, चुरमुरे हे डब्यातच छान राहतं. पाच लिटरची काचेची बरणी तांदळाने भरली की सहा किलोच्या घरात जाते. ती रोज ओट्याखालून कोण उचलणार? आणि एका हाताने झाकण काढून दुसऱ्या हाताने वाटी घालायची तर ती तिरकी करावी लागते, तेव्हाच निसटते.

काच घ्यायची ती रोज हाताला लागणाऱ्या आणि लवकर फिरणाऱ्या सामानासाठी. डाळी, कडधान्यं, रवा, पोहे, साबुदाणा, साखर, मीठ, चिंच, आमसुलं आणि थोडे थोडे मसाले. काचेतलं काही लपत नाही, हा मला तिचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. तूरडाळ दोन दिवसांची उरली आहे हे फडताळाचं दार उघडल्याबरोबर कळतं. मुगाला पीठ सुटायला लागलंय, ते तळाशी पांढरं दिसतं. स्टीलच्या डब्यात हेच बघायला झाकण उघडून हात घालावा लागतो, आणि घाईच्या सकाळी ते कुणी करत नाही. म्हणून घरात दोन जागा ठेवा. एक कोठी, जिथे महिन्याचा साठा स्टीलच्या डब्यांत किंवा न फोडलेल्या पाकिटांत राहील, आणि एक हाताशी असलेली जागा, जिथे बरण्या राहतील. कोठी सासूबाईंकडे द्या. त्यांचे डबे त्यांच्या पद्धतीने लागले की बरण्यांवरून वाद होत नाहीत, असं मी अनेक घरांत पाहिलं आहे.

आता मापं. एक विनंती आहे, आधी बरण्या आणू नका. बहुतेक जण ऑनलाइन बारा बरण्यांचा एकसारखा संच मागवतात आणि मग त्यात काय भरायचं ते शोधतात. संचातली मापं तुमच्या वाण्याच्या पाकिटांशी जुळत नाहीत. अर्धा किलोचं पाकीट फोडलं, बरणीत साडेतीनशे ग्रॅम मावलं, उरलेल्या पाकिटाला रबर लावून ते मागे सारलं. अशी रबर लावलेली पाकिटं जमली की नव्या बरण्या असूनही फडताळ पूर्वीसारखंच होतं. किडे होतात तेही बहुधा या अर्ध्या पाकिटांतूनच.

म्हणून एक महिना आहे तसंच चालू द्या आणि किराणा आला की यादीवर फक्त एवढं लिहा: कुठली वस्तू किती वजनाच्या पाकिटात येते आणि किती दिवसांत संपते. मग बरणीचं माप पाकिटावरून ठरवा. एक अख्खं पाकीट बरणीत गेलं पाहिजे आणि वर दोन बोटं मोकळी जागा उरली पाहिजे.

वजनावरून लिटर काढताना लोक फसतात, कारण किलोभर पोहे आणि किलोभर साखर सारखी जागा घेत नाहीत. डाळी, तांदूळ आणि साखर किलोला साधारण सव्वा लिटर जागा घेतात, म्हणजे किलोच्या पाकिटाला दीड लिटरची बरणी. रवा जरा फुगीर, अर्ध्या किलोला पाऊण लिटर लागतो, त्याला एक लिटरची बरणी घ्या. बेसन अर्धा किलो जवळजवळ लिटरभर होतं, त्यालाही एक लिटरची बरणी जेमतेम पुरते. हलकेच ठोकून बसवलं तर वर जागा उरते. जाडे पोहे अर्धा किलो सव्वा ते दीड लिटर, पातळ पोहे त्याच्या दुपटीच्या आसपास. पातळ पोह्यांसाठी काच घेऊच नका, डबा बरा. मीठ जड असतं, किलोभर मीठ एक लिटरच्या बरणीत आरामात बसतं.

तुमच्यासारख्या चौघांच्या घराला माझ्या हिशेबाने दीड लिटरच्या सहा, एक लिटरच्या आठ, अर्ध्या लिटरच्या दहा आणि मसाल्यांसाठी पाव लिटरच्या डझनभर बरण्या होतात. तुमच्या यादीवर हे पडताळून पाहा, कमी निघाल्या तर कमीच घ्या. अर्ध्या आणि पाव लिटरच्या तर विकत घ्यायची गरजही पडणार नाही. जॅम, मध, कॉफी, लोणचं यांच्या बाटल्या घरोघरी पडून असतात. त्यांना येणारा लोणच्याचा वास काचेला नसतो, तो झाकणाच्या आतल्या चकतीत मुरलेला असतो. झाकणं खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवून दोन दिवस उन्हात वाळवा. तरीही वास राहिला तर त्या बाटलीत लसूण-मिरचीसारखं काहीतरी ठेवा, साखर नको. चिकटलेलं लेबल कोमट पाण्यात भिजवून काढायचं, आणि राहिलेल्या गोंदावर खोबरेल चोळून दहा मिनिटांनी पुसायचं.

नव्या घ्यायला जाल तेव्हा घरातली रोजची मापाची वाटी पिशवीत टाकून न्या. ती वाटी हातासकट बरणीच्या तोंडातून आत गेली पाहिजे. तोंड अरुंद असेल तर बरणी कितीही देखणी असो, तिच्यातलं सामान रोज ओतून काढावं लागणार आणि ओट्यावर सांडणार. शिवाय धुताना तळाला हात पोचत नाही. पुण्यात तुळशीबाग आणि बोहरी आळी, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटचा परिसर, इथे बरण्या हातात घेऊन पाहता येतात. ऑनलाइन फोटोत ना तोंड कळतं, ना झाकण.

आकाराचं म्हणाल तर गोल बरण्यांच्या मध्ये जी जागा सुटते ती साधारण एक पंचमांश असते. चौकोनी बरण्या फडताळात खेटून बसतात, पण त्यांच्या कोपऱ्यांत पीठ अडकतं आणि तिथे किडे दडतात. डाळी-कडधान्यांना चौकोनी, पिठाला आणि रव्याला गोल, असं मी करते. एका घरात दोनच जातीच्या बरण्या ठेवा, म्हणजे झाकणं एकमेकांना लागतात. दुकानात सुटी झाकणं मिळत असतील तर दोन-तीन जास्तीची घेऊन ठेवा, कारण बरणी टिकते आणि झाकण जातं.

झाकणाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, ठाण्याच्या हवेत बरणीचा सगळा उपयोग झाकणावर अवलंबून आहे. बांबूचं किंवा लाकडी झाकण दिसायला छान, पण जुलै-ऑगस्टात ते फुगतं, घट्ट बसून निघत नाही किंवा त्याच्या आतल्या बाजूला काळी बुरशी धरते. कोकणपट्टीत ते नकोच. पत्र्याचं फिरकीचं झाकण चांगलं बंद होतं, पण मिठाच्या, चिंचेच्या, आमसुलाच्या बरणीला लावलं तर गंजतं. त्या तिघांना चांगल्या प्रतीचं प्लास्टिकचं झाकण लावा. तारेच्या कडीची, रबराचं वेटोळं असलेली बरणी हवाबंद असते, मात्र तिला दोन्ही हात लागतात आणि रबर दोन-तीन वर्षांत कडक होतं. ती कमी लागणाऱ्या वस्तूंसाठी ठेवा.

झाकण नीट बसतं की नाही हे पाहायला दोन परीक्षा आहेत. बरणीत पाणी भरून झाकण लावा आणि मोरीत पाच मिनिटं उलटी धरा. थेंबही गळता कामा नये. दुसरी परीक्षा पावसाळ्यातली: भाजलेल्या पापडाचा तुकडा रिकाम्या, कोरड्या बरणीत टाकून झाकण लावा आणि दोन दिवस विसरून जा. तुकडा काढून मोडून बघा. कट्कन मोडला तर बरणी रव्याला, बिस्किटांना, भाजणीला चालेल. वाकला तर त्या बरणीत साखर किंवा चहासुद्धा नको, दोन्हीला दमटपणा सोसत नाही. तिच्यात लसूण किंवा सुट्या वाट्या-चमचे ठेवा.

वजनाचा विचार लोक करत नाहीत. दीड लिटरची रिकामी बरणीच पाऊण किलोच्या आसपास असते, किलोभर डाळ घातली की पावणेदोन किलो. अशा आठ बरण्या एका फळीवर म्हणजे चौदा किलो. पार्टिकल बोर्डाची लांब फळी वर्षभरात मध्ये झोल धरते. ओट्यावरच्या टांगत्या कपाटात म्हणून फक्त पाव आणि अर्ध्या लिटरच्या बरण्या, त्याही खालच्या फळीवर. मोठ्या बरण्या ओट्याखाली, खोल ड्रॉवर असेल तर त्यात. ड्रॉवरचे रूळ किती किलो पेलतात हे बसवणाऱ्याला विचारून घ्या. खोल ड्रॉवरमध्ये बरणी वरून दिसते, तेव्हा नाव झाकणावर लिहायचं, पोटावर नाही.

जुन्या इमारतीत कडप्प्याची मांडणी असेल तर वजनाची काळजी नाही, ती काहीही पेलते. पण दगडावर काच जोरात टेकली की तळाला बारीक चीर जाते, दिसतही नाही आणि एके दिवशी उचलताना तळ खाली राहतो. कडप्प्यावर रबराची पातळ मॅट अंथरा आणि फळीच्या कडेला बोटभर उंचीची लाकडी पट्टी मारून घ्या. मुलगा सात वर्षांचा आहे, तर त्याच्या हाताला लागणाऱ्या उंचीवर त्याचा खाऊ स्टीलच्या डब्यात ठेवा. खाऊसाठी त्याला काचेपर्यंत जावंच लागू नये. आणि तुमच्या स्वतःच्या खांद्याच्या वर काचेची कुठलीही भरलेली बरणी नको.

आता किड्यांचं. तुमचा खरा प्रश्न हाच आहे असं मला वाटतं, आणि त्याचं उत्तर "काचेने किडे थांबतात" असं सरळ देता येत नाही. बहुतेक वेळा किडे बाहेरून येत नाहीत, सामानाबरोबरच घरात येतात. तांदळातला सोंड्या आपल्या सोंडेने दाण्याला भोक पाडतो, मादी त्यात अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. तांदूळ निवडताना ते दिसणं शक्यच नसतं. अळी दाण्याच्या आतच वाढते आणि उन्हाळी-पावसाळी हवेत साधारण महिन्याभरात किडा बाहेर पडतो. कडधान्यातला भुंगेरा वेगळा, तो दाण्याच्या सालीवर अंडी चिकटवतो, काही वेळा शेतात शेंगेवरच. अख्खे मूग किंवा चवळी बशीत पसरून उजेडात बघा, दाण्यावर टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके दिसले तर ती अंडी आहेत. रव्यात, मैद्यात, बेसनात तांबडा भुंगेरा होतो, त्याच्या स्रावामुळे पिठाला उग्र वास येतो. जाळी धरते ती पतंगाच्या अळ्यांमुळे.

असं सामान काचेत भरलं तर किडे बरणीत होतील. पण एका बरणीतले दुसरीत जाणार नाहीत. पातळ प्लास्टिकची पिशवी काही किडे कुरतडून पार करतात, काच त्यांना पार करता येत नाही. एका पिशवीतून सगळं कपाट भरून जाणं, हे काचेमुळे नक्की थांबतं. शिवाय पहिला किडा दिसल्या दिवशी तुम्हाला कळतं.

किडे होऊच नयेत यासाठी मला सर्वांत भरवशाचा वाटलेला उपाय म्हणजे फ्रीजर. रवा, मैदा, बेसन, अख्खी कडधान्यं आणली की पाकीट न फोडता वर आणखी एक पिशवी घट्ट बांधून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा. घरच्या फ्रीजरचं तापमान उणे १८ अंशांच्या आसपास असतं, तेवढ्या थंडीत अंडी, अळ्या, किडे सगळे मरतात. मग पाकीट बाहेर काढून पूर्ण दिवसभर तसंच बंद राहू द्या. हे महत्त्वाचं आहे. थंड पाकीट लगेच फोडलं तर हवेतलं पाणी त्यावर जमतं आणि तो ओलावा बरणीत जातो. ते खोलीच्या हवेला आलं, बाहेरून हात लावून कोरडं लागलं की मगच बरणीत भरा. फ्रीजर लहान असेल तर दर आठवड्याला दोन पाकिटं, अशी पाळी लावा.

रवा भाजून ठेवायची आपली रीतही उत्तम आहे. मंद आचेवर सात-आठ मिनिटं, रंग बदलू न देता. पण भाजलेला रवा परातीत पसरून अगदी गार होऊ द्यायचा. कोमट असताना भरला की काचेला आतून वाफ धरते आणि तीच वाफ परत रव्यात उतरते. गोणी थोडा श्वास घेते, काचेची बरणी मुळीच घेत नाही. जे ओलसर आत गेलं ते ओलसरच राहतं आणि बुरशी धरतं. भाजणी, मेतकूट, कुळथाचं पीठ यांनाही हेच लागू.

एप्रिल-मेचं ऊन मिळतं तोवर डाळी आणि कडधान्यं पातळ पसरून दोन दिवस वाळवून घ्या. तांदळाला मात्र कडक ऊन दाखवू नका, दाणा तडकतो आणि भातात कणी होते. आंबेमोहर, इंद्रायणीसारखा नाजूक तांदूळ तर घरातच पंख्याखाली पसरावा. साठवणीच्या कडधान्यांना किलोला चमचाभर एरंडेल चोळायची जुनी पद्धत खरोखर कामाची आहे. तेलाचा पातळ थर दाण्यावरची अंडी गुदमरवतो. वापरताना कडधान्य दोन-तीन पाण्यांनी चोळून धुवायचं.

कडुलिंबाचा पाला घालायचा तर खडखडीत वाळलेला, ओला घातला तर त्यानेच बुरशी येईल. बोरिक पावडर लावायची सवय अजून अनेक घरांत आहे, लहान मूल असलेल्या घरात तरी ती सोडा, तांदूळ कितीही धुतला तरी. पाऱ्याच्या गोळ्या धान्यात टाकू नका. आणि ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या कुणी सुचवल्या तर सरळ नाही म्हणा. दमट हवेत त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो, त्याने माणसं दगावतात. राहत्या घरात त्यांना जागा नाही.

जुन्या सामानावर नवं सामान कधीही ओतू नका. बरणी रिकामी होऊ द्या. उरलेलं चार मुठी ताटलीत काढा, ते आधी वापरा. तळाला बसलेल्या भुशात अंडी राहतात, तुम्ही वरून नवी डाळ ओतली की त्यांना वर्षभराचं खाणं मिळतं. रिकामी बरणी कोरड्या सुती फडक्याने तळापर्यंत आणि झाकणाच्या आट्यांमध्ये पुसा.

पाण्याने धुवायच्या बरण्या उन्हाळ्यात धुवा. जून ते सप्टेंबर शक्यतो धुवूच नका, नुसत्या पुसा. धुतलेली बरणी ओट्यावर पालथी घातली की आतलं पाणी आतच कोंडतं, म्हणून जाळीवर पालथी घालून निथळवायची आणि मग उताणी करून ऊन दाखवायची. झाकणातली रबराची चकती सुटी निघत असेल तर काढून वाळवा, पाणी तिच्या मागेच लपलेलं असतं. उकळतं पाणी ओतून बरणी निर्जंतुक करायच्या फंदात पडू नका. बाजारातल्या बहुतेक बरण्या साध्या सोडा-लाइम काचेच्या असतात, एकदम गरम लागलं की तडकतात. बोरोसिलिकेट काच उष्णतेने त्याच्या साधारण एक तृतीयांशच प्रसरण पावते म्हणून ती टिकते, पण कोरड्या सामानासाठी तेवढे पैसे घालायचं कारण नाही.

मसाल्यांच्या बाबतीत उजेड हा शत्रू आहे. खिडकीशेजारच्या उघड्या फळीवर हळद आणि तिखटाच्या बरण्या फार सुंदर दिसतात, आणि दोन-तीन महिन्यांत दोन्हींचा रंग उतरतो. एक बरणी उचलून बघा, भिंतीकडची बाजू लाल आणि खिडकीकडची विटकरी झालेली असते. हळद, तिखट, गोडा मसाला, धणे-जिरे पूड हे सगळं दाराआड, शेगडीपासून लांब. ओट्यावर रोजच्याला मिसळणाचा डबा आहेच. लालबागच्या मिरची गल्लीतून बेडगी, संकेश्वरी, लवंगी आणून, डंकावर कुटून वर्षाचा मसाला करत असाल तर तो चिनी मातीच्या बरणीत किंवा स्टीलच्या डब्यात दाबून भरा, मध्ये मध्ये हिंगाचे खडे ठेवा आणि महिन्याकाठी एकदाच उघडून पाव लिटरची बरणी भरून घ्या. चमचा कोरडा हवा, आणि वाफाळत्या पातेल्यावर बरणी उलटी करून मसाला झटकायचा नाही.

तेलकट सामानाचंही असंच. शेंगदाणे, तीळ, कारळे, जवस, खसखस, सुकं खोबरं उजेडात आणि उष्णतेत खवट होतं. यांच्या छोट्या बरण्या फ्रीजमध्ये ठेवा. दाण्याचं कूट आठवड्याभरापुरतंच करा. शेंगदाण्यांबद्दल एक कळकळीचं सांगणं आहे: सुरकुतलेले, काळपट, बुरशीचे दाणे निवडून फेकून द्या, आणि बरणीभर दाण्यांना कुबट वास आला तर अख्खी बरणी फेका. त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि ते घरच्या भाजण्याने जात नाही.

आंबट-खारट सामानाला काचेइतकं चांगलं भांडं दुसरं नाही. आमसुलं, मीठ लावलेली चिंच, खारवलेल्या मिरच्या धातूला खातात, काचेला काही करत नाहीत. लोणच्याची मोठी बरणी चिनी मातीचीच असू द्या, तिला दादरा बांधा, आणि त्यातून आठ-दहा दिवसांचं लोणचं काचेच्या छोट्या बरणीत काढा. रोजचे हात मोठ्या बरणीला लागले नाहीत तर लोणचं वर्ष काढतं.

उपवासाचं सामान वेगळ्या फळीवर ठेवावं, सोवळ्यासाठी म्हणा किंवा सोयीसाठी. साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाड्याचं पीठ. वरईच्या बाबतीत, म्हणजे आपल्या भगरीच्या बाबतीत, जास्त जपा. दमट हवेत तिला बुरशी लवकर लागते, आणि महाशिवरात्र-नवरात्रात भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या दरवर्षीच्या आहेत. अन्न व औषध प्रशासनही सणाआधी त्याबद्दल सूचना काढतं. सुटी भगर घेऊ नका, पाकिटावरची तारीख बघून, लागेल तेवढीच आणा आणि उरलेली पुढच्या एकादशीसाठी महिनोन्‌महिने ठेवू नका. शिंगाड्याचं आणि राजगिऱ्याचं पीठही तसंच.

नावं लिहायची तर जिथे गफलत होते तिथे आधी. मैदा, तांदळाचं पीठ, कॉर्नफ्लॉवर आणि पिठीसाखर काचेतून हुबेहूब सारखी दिसतात. खाण्याचा सोडा आणि बेकिंग पावडरही. तूरडाळीच्या बरणीवर नाव कशाला, ती ओळखू येते. सासूबाईंना लांबून वाचता यावं म्हणून ठळक मराठी अक्षरांत लिहा, आणि स्वयंपाकाला येणाऱ्या ताई असतील तर त्यांना विचारून जागा ठरवा, दिवसातून जास्त वेळा हात त्यांचाच लागतो. पाकिटावरचा तारखेचा आणि बॅच क्रमांकाचा तुकडा कापून बरणीच्या मागे चिकटपट्टीने लावा. बरणी पुन्हा भरली की तो तुकडा बदलायचा.

बरणी फुटली तर त्यातलं सामान चाळून, निवडून वाचवायचा मोह होतो. करू नका. काचेचा कण रव्यात किंवा साखरेत दिसत नाही. सगळं फेका, आणि शेजारी उघडी असलेली बरणीही. फुटलेली काच वर्तमानपत्राच्या जाड थरात गुंडाळून, वर "काच" असं लिहून वेगळी द्या, कचरा वेचणाऱ्यांचे हात कापतात.

राहिला जुन्या प्लास्टिकच्या डब्यांचा प्रश्न. पिवळे पडलेले, ओरखडे गेलेले, धुऊनही मसाल्याचा वास येणारे भंगारात द्या. चांगले असतील ते कोठीत ठेवा: न फोडलेली पाकिटं एका मोठ्या डब्यात उभी लावायची, लवकर तारीख संपणारी पुढे. चुरमुरे आणि पातळ पोह्यांनाही त्यांतलेच दोन चालतील. नव्या बरण्या एकदम सगळ्या आणू नका. आधी डाळींच्या सहा आणा, महिनाभर वापरून बघा, तोंड आणि झाकण पसंत पडलं की त्याच जातीच्या बाकीच्या घ्या. तुम्ही हे मार्च-एप्रिलमध्ये सुरू केलंत तर धुणं-वाळवणं उन्हात होऊन जाईल आणि मृगाच्या आत सगळ्या बरण्या कोरड्या भरलेल्या असतील.